मुक्कामी गाडी

जेवणाच्या टेबलावर परदेश पसरला होता, त्यामुळे घरातली माणसं गेले काही रविवार मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

नकाशा पाठवला होता सुनेच्या नणंदेने. लग्न करून ती त्या देशात गेली ती तिथलीच झाली, आणि फोनवर तिचं एकच पालुपद असे: या एकदा सगळे, गाडी भाड्याने घ्या, देश बघा. यंदा सगळ्यांचा होकार एकदाचा जुळला आणि सासऱ्यांनी आखणी अंगावर घेतली. घेणारच. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी बाजारात निघताना सासूबाईंना म्हणायचे, "चला, गाडी सुटायची वेळ झाली."

बघायच्या ठिकाणांवर आधी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं मांडली होती. पण नातीला दात येत होते, दिसेल ते तोंडात. एक बटण तिच्या गालातून बोट घालून काढावं लागलं, तेव्हापासून बटणं जाऊन बाटल्यांची झाकणं आली. निळं झाकण किल्ला, लाल धबधबा, हिरवं बाग, आणि औषधाच्या बाटलीचं मोठं पांढरं झाकण म्हणजे लेकीचं घर.

"हे बघ सूनबाई," सासरे म्हणाले, "पहिल्या दिवशी उजाडताच निघायचं. किल्ला बघायचा, जेवायचं, परत. दुसऱ्या दिवशी धबधबा. परत."

"परत कुठे, बाबा?"

"कुठे म्हणजे? डेपोत." त्यांनी पांढऱ्या झाकणावर बोट टेकवलं.

सून पोरीला कडेवर घेऊन उभ्या उभ्या झुलत होती. हल्ली ती नेहमीच झुलायची. पोर आजीकडे असली तरी, भाजीच्या रांगेत पिशवी घेऊन उभी असली तरी. तिने नकाशाकडे पाहिलं. पांढऱ्या झाकणाभोवती सगळी रंगीत झाकणं दाटीवाटीने बसली होती आणि देशाचा अर्ध्याहून जास्त भाग कोरा होता.

"आणि माझं तळं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

तळं त्या कोऱ्या भागात होतं, पार वरच्या कोपऱ्यात. लेकीने एकदा फोटो पाठवला होता: चहूबाजूंनी डोंगर, आणि पाण्यात तेच डोंगर पालथे. सासूबाईंनी तो फोटो शेजारणीला, दूधवाल्याला आणि एका चुकून आलेल्या कुरिअरवाल्यालाही दाखवला होता.

"लांब आहे ते. जाऊन येईस्तोवर अंधार पडेल."

"मग राहू की रात्री तिथेच."

"नोकरीत मुक्कामी गाडी घेतली नाही, ती आता म्हातारपणी घेऊ?"

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी लांबच्या गावाला जाऊन रात्र तिथेच काढणारी आणि सकाळी परतणारी बस. ती ड्यूटी सासऱ्यांनी कधी घेतली नव्हती. त्यासाठी साहेबांशी भांडले, चांगले रस्ते सोडले, सगळ्यात खड्ड्यांचा मार्ग पत्करला, पण पोरं झोपायच्या आत घरी आले. नवरा हे सांगताना अजून हळवा व्हायचा. फक्त त्यामुळे झालं असं, की त्यांच्या डोक्यात कुठलाही रस्ता जायचा तेवढाच यायचा. रात्री घरी परतता येणार नाही असं गाव त्यांच्या लेखी नकाशावर नव्हतंच.

गाडीचं बुकिंग सुनेकडे आलं. घरात जे काम कुणाचंच नसतं ते तिचं असतं, तसं हेही. दुपारच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, तिने भाड्याच्या गाडीवाल्यांच्या अटी वाचल्या. पंचाहत्तरीनंतरच्या माणसाला गाडी मिळत नव्हती. तिने दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. सासरे पंचाहत्तरी ओलांडून बसले होते.

संध्याकाळी पोरीचे कपडे घड्या करताना तिने नवऱ्याला सांगितलं.

"मग चालवणार कोण?" नवरा म्हणाला.

"मी. तू तर चालवत नाहीस."

नवऱ्याला गाडी येत नव्हती. शिकायला बसला होता, वडिलांकडेच, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेला तो आजतागायत सायकलच.

"तू सांग त्यांना," ती म्हणाली.

"मी? मला ऐकवतील, तू शिकला असतास तर ही वेळ आली नसती. आणि ते खरंही आहे. तू सांग ना, तुझं तर कामच ते."

तिचं काम ते होतं खरं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर कानाला यंत्र लावून भडकलेल्या माणसांना गोड आवाजात नाही म्हणायचं. नाही म्हणायचे शंभर प्रकार तिला येत होते. घरी आल्यावर त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

तिने उद्यावर टाकलं. उद्या पोरीला ताप आला. मग ऑफिसात दोघी रजेवर, त्यांचे फोनही तिच्याकडे. घरी यायची तेव्हा अंगात जीव नसायचा. पोरीला भरवता भरवता तिचाच डोळा लागायचा आणि भाताचा घास हातात तसाच वाळायचा. इकडे सासऱ्यांची तयारी जोरात. परदेशात चालणारा परवाना काढायला ते स्वतः रांगेत उभे राहून आले. डॉक्टरांकडून डोळे तपासून आणले. नोकरीतले काळे बूट काढून पॉलिश केले. तिथे गाड्या उलट्या बाजूने चालतात म्हणून घरातसुद्धा उजव्या अंगाने चालायची सवय लावून घेतली, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासूबाईंशी टक्कर झाली.

"आंधळे झालात काय?"

"तू चुकीच्या लेनमध्ये होतीस."

सून हसली, आणि अजून सांगायचं राहिलंय हे तिला आठवलं.

शेवटी सांगितलं ते ठरवून नाही, दमून. शनिवारी संध्याकाळी ती ऑफिसातून येऊन अजून चप्पल काढत होती, तोच सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, गाडी मोठी घेतलीस ना? सामान बरंच होईल."

ती दारातच उभी राहून बोलायला लागली. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. परंतु नियमानुसार पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्तींना वाहन देता येत नाही. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण कुठल्या आवाजात बोललो ते. नवऱ्याने पोरीच्या डोक्यामागे तोंड लपवलं.

सासऱ्यांनी नकाशावरून मान वर केली. मग म्हणाले, "मी गिऱ्हाईक नाही गं तुझा."

"चुकलं बाबा. कितीतरी दिवस सांगायचं होतं. जमलंच नाही."

"म्हणजे चालवणार कोण?"

"मीच."

त्यांनी झाकणं एकेक करून पिशवीत टाकली. नकाशाची घडी त्याच्या जुन्या रेघांवर नीट बसेना, तरी चिडले नाहीत, पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "तुम्ही जाऊन या सगळे," ते म्हणाले. "मी घर सांभाळतो. कुणीतरी लागतंच मागे."

चिडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री सगळे टेबलावर जेवले. सून घास गिळत राहिली. तिला माहीत होतं, ते नाही आले तर सासूबाई जाणार नाहीत, आणि मग कुणीच जाणार नाही, आणि पुढच्या वर्षी हा विषय निघणारही नाही. तळं फोटोतच राहील आणि ते आपल्यामुळे राहील.

पण सासूबाईंनी हात धुता धुता सांगून टाकलं. "मी जाणार आहे."

"जा की."

"तुमच्या बसमध्ये मी बसले ती दोनदा. दोन्ही वेळा मागच्या सीटवर, तिकीट काढून, आणि तुम्ही आरशातसुद्धा ओळख दाखवली नाहीत."

"ड्यूटीवर होतो."

"आता नाही आहात." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "उद्या मला आपल्या गाडीतून लांबवर फिरवून आण. तुझा हात कसा आहे ते कळू दे. आम्हा दोघींना पुढे बरंच जायचंय."

सुनेला उद्या झोपायचं होतं. आठवडाभर ती त्या एका रविवारच्या झोपेवर जगत होती. "नेते, आई," ती म्हणाली.

सकाळी पोरीला मागच्या खुर्चीत बांधलं, तिच्या शेजारी सासूबाई बसल्या. नवरा कपडे वाळत घालायचं निमित्त काढून घरी राहिला. सून गाडी सुरू करणार तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि सासरे आत बसले. पायात पॉलिश केलेले बूट. समोर बघत म्हणाले, "नात गाडीत आहे. म्हणून आलो."

पहिले काही चौक तिने जीव मुठीत धरून काढले. ते बोलत नव्हते, पण त्यांचा उजवा पाय बोलत होता. सिग्नल दिसला की खालच्या रबरी पायपुसणीत रुतायचा. मग तोंडही सुटलं.

"आरसा."

"बघितला, बाबा."

"पुढच्याच्या अंगावर जाऊ नको."

"नाही जात."

"तो रिकामा ट्रक आहे, उसळेल, त्याला जाऊ दे."

तिने ट्रकला जाऊ दिलं. तो पुढच्या खड्ड्यात खरंच उसळला. गावाबाहेरचा मोठा रस्ता लागला तशी तिची मान सैल झाली. इथे फोन नव्हते, कुणी रडत नव्हतं, हातांना एकच काम होतं. आरशात पोरीचे डोळे जड होताना दिसले.

"वळणावर ब्रेक नाही मारलास," सासरे खूप वेळाने म्हणाले.

"वळणाच्या आधी मारला."

"तेच म्हणतोय." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्या तळ्याला किती लागेल तुला?"

"पोरीला घेऊन एका दिवसात नाही व्हायचं. वाटेत एक रात्र, मग तळ्यावर दोन."

"दोन कशाला?"

"एक दिवस मला झोपायला, बाबा."

ते नाकातल्या नाकात हसले. "मग मुक्कामीच लाव. चालवणारी तू, गाडी कुठे उभी करायची ते तूच ठरवायचं. मी मध्ये पडणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "पडेन, पण तू ऐकू नकोस."

मागून सासूबाई काहीतरी बोलल्या, बहुधा देवाला. सुनेचे डोळे भरून आले. ते झोपेने की कशाने हे पाहायला तिला सवड नव्हती, एक बस मागून येत होती. तिने बसला वाट दिली. पुढचा चौक आला, सिग्नल लाल झाला, तिने गाडी हळू केली, आणि पायपुसणीवरचा बूट हलला नाही.

तिने बाजूला पाहिलं. त्यांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे.

"आई," ती कुजबुजली, "बाबा झोपले."

सासूबाई पुढे वाकून बघत राहिल्या, सिग्नल सुटेपर्यंत. "चालत्या गाडीत यांना झोपलेलं मी आज पहिल्यांदा बघते," त्या म्हणाल्या. "छोटीपण झोपली. आता वळव घराकडे. तूही दमलीस."

"घरी थांबवली की दोघं उठतील."

"मग?"

"बघू." तिने जांभई दाबली, आरसा बघितला आणि घराचं वळण सोडून गाडी सरळ घेतली.