एकाचा रकाना

सोसायटीत इमारती तीन, घरं अठ्ठेचाळीस, वॉचमन दोन आणि कॅमेरे सोळा. त्यातले पंधरा कॅमेरे बाहेर तोंड करून होते: फाटक, कुंपण, नगर रस्त्याकडे जाणारी कच्ची वाट. सोळावा जिन्याकडे होता, तो बंद होता. वाघोलीत पोचल्यावर पहिल्याच दिवशी आम्रपालीने हे मोजून घेतलं, कारण मोजल्याशिवाय तिला काही सुचत नसे.

संख्याशास्त्रात एमएस्सी करून ती सुखदेव सरांच्या प्रकल्पावर लागली होती. गुन्हा का घडतो, आणि तो ठरावीक घरांच्याच वाट्याला का येतो, हा प्रकल्पाचा विषय. सरांची मांडणी साधी होती. तीन गोष्टी एका जागी, एका वेळी आल्या की गुन्हा घडतो: करायची इच्छा असलेला माणूस, हाताशी असलेलं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. पोलिसांत जेवढं नोंदलं जातं त्याच्या कितीतरी पट लोक मुकाट सोसतात, म्हणून घरोघर जाऊन विचारायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव यांची मांडणी याहून साधी होती.

"बाहेरचे लोक, मॅडम," ते फाटकाशीच म्हणाले. "समोर ती पत्र्याची शेड उभी राहिलीत ना, तेव्हापासून. दोन घरं फुटली, एक मोटारसायकल गेली. तुम्ही शास्त्र लावा, आम्ही कॅमेरे लावतो."

माणूस अगत्याचा. त्यांनी आधी पाणी दिलं, मग खुर्ची, मग पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. अठ्ठेचाळीस घरांत एकानेही तिला दारातून परत पाठवलं नाही, ते त्यांच्या शब्दामुळे.

शेवटचं पान उत्तर देणाऱ्याने एकट्याने भरायचं आणि पाकिटात बंद करून द्यायचं, असा नियम होता. श्रीनिवासराव तळमजल्यावर राहत. ते कॅमेरेवाल्याशी घासाघीस करायला गेलेले असताना त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकूंनी ते भरायला घेतलं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेल्यापासून घरात दोघंच. नवव्या प्रश्नाशी काकू थांबल्या. उठल्या, खिडकीतून फाटकाकडे बघून आल्या, पुन्हा बसल्या.

"हे कुणाला कळतं का गं?"

"नाही काकू. नाव कुठेच नाही. सगळ्यांच्या आकड्यांत मिसळून जातं."

"मिसळतं ना? मग बरं."

त्यांनी खूण केली आणि पाकिटाची कड नखाने दोनदा दाबून घेतली. मदतीच्या फोन नंबरची चिठ्ठी आम्रपाली सगळ्याच घरांत देत असे. काकूंनी ती वाचून परत केली. "नको. ठेवायची कुठे?"

श्रीनिवासरावांना निकाल हवा होता. "सरासरी सांगून काय उपयोग? कुठल्या मजल्यावर, कसल्या घराला धोका आहे ते सांगा. तसा बंदोबस्त करू."

बोलणं शास्त्राला धरूनच होतं. आम्रपालीने मजला आणि घरातली माणसं यांनुसार तक्ता केला. पाचाहून लहान आकडा स्वतंत्र छापायचा नाही, शेजारच्या रकान्यात मिळवून टाकायचा, हे तिला शिकवलेलं होतं. पण तसं केलं की सगळा तक्ता गढूळ दिसे, आणि गढूळ काही तिला सहन होत नसे. नावं तर नव्हतीच. तिने आकडे होते तसे ठेवले. सरांना दाखवणं सोमवारवर टाकलं. सभा रविवारी होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तक्त्याची प्रत सगळ्यांच्या हातात होती, तरी श्रीनिवासरावांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"तिसरा मजला, पाच माणसांचं घर. फसवणूक, दोन."

"त्यात एक आमचे बंधू असणार," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांना कोथिंबीरवालासुद्धा फसवतो."

हशा पिकला. श्रीनिवासरावही हसले आणि पुढे वाचू लागले. "तळमजला, दोन माणसांचं घर. घरातल्याच व्यक्तीकडून मारहाण किंवा धमकी..."

ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"एक," ते म्हणाले, आणि त्याच आवाजात पुढची ओळ वाचली.

आम्रपालीने मनातल्या मनात तळमजल्याची बारा दारं मोजली. दोनच माणसं राहतात असं दार एकच होतं. दुसऱ्या रांगेत मंदाकिनीकाकूंनी कागद मांडीवर पालथा घातला.

सभा संपल्यावर श्रीनिवासराव मुद्दाम तिच्याजवळ आले. "फार नेमकं काम आहे तुमचं. कौतुक वाटलं." मग ते काकूंना पुढे घालून घराकडे गेले.

आम्रपालीने तिथूनच सरांना फोन लावला. सरांचा आवाज कधी चढत नसे.

"रकान्यात एक आहे म्हणजे ते नावच असतं, आम्रपाली. पत्ता तेवढा टाकायचा राहिला का?" लगेच ते पुढचं सांगू लागले. "ललिताताई समुपदेशक आहेत, त्यांना हडपसरहून पाठवतो. तू तिथून हलू नकोस. पोलीस ठाण्यातही सांगून ठेवतो, पण त्या बाई स्वतः काही बोलल्या तरच पुढचं."

ललिताताई यायला दोन तास लागले. तोवर आम्रपालीने दोनदा बेल वाजवली. दार उघडलं नाही. आत टीव्हीचा आवाज वाढला, एवढंच. ती समोरच्या कट्ट्यावर बसून राहिली. इच्छा, सावज, राखणदाराची गैरहजेरी. पंधरा कॅमेरे रस्त्याकडे बघत होते.

ललिताताईंनी बेल वाजवली तेव्हा श्रीनिवासरावांनी लगेच दार उघडलं.

"या, या. आज चहा माझ्या हातचा. हिचा हात दुखतोय."

काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. उजवा हात ओढणीखाली होता.

"बरं झालं आलात," श्रीनिवासराव म्हणाले. "हिला एक उत्तर बदलायचंय. तुमच्या संमतीपत्रात आहे, उत्तर कधीही बदलता येतं. वाचलं मी."

"आम्हाला यांच्याशी एकांतात बोलावं लागेल," ललिताताई म्हणाल्या.

"बोला की. मी ओट्याशी आहे."

ओटा चार पावलांवर होता. मध्ये भिंत नव्हती.

ललिताताई काकूंपाशी वाकल्या. "बाहेर माझी गाडी आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "आहात तशा निघा. बाकीचं आपण बघू."

ओट्यावर आलं ठेचल्याचा आवाज येत होता, एका लयीत. काकूंनी तिकडे बघितलं नाही. आम्रपालीकडे बघितलं.

"मिसळतं म्हणाली होतीस."

आम्रपाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"माझ्या हातून चुकून खूण झाली," काकू मोठ्याने म्हणाल्या. "नववा प्रश्न. कागद दे."

ठेचण्याचा आवाज थांबला.

"काकू, आत्ताच बदलायला हवं असं नाही. चला ना आमच्याबरोबर."

"कागद दे गं."

सही त्यांनी डाव्या हाताने केली.

"साखर किती घालू?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

सोमवारी सुधारित तक्ता तयार झाला. लहान रकाने नियमाप्रमाणे एकत्र केले होते. घरं अठ्ठेचाळीस. मुलाखती अठ्ठेचाळीस. घरातल्याच व्यक्तीकडून मारहाण किंवा धमकी: शून्य.