बर्फात ठेवलेले खडे

सुट्टीच्या दिवशी सकाळी खडेबाबाच्या दिवाणखान्यात मुंगीलाही शिरायला जागा उरत नसे. मधोमध टेबल, टेबलावर बर्फाने भरलेली परात आणि परातीत काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत हिरवेगार खडे. कुणाचे वाटाण्याएवढे, कुणाचे द्राक्षाएवढे.

"बघा, डोळे भरून बघा!" खडेबाबा एकेक बाटली उंच धरी. "सुरी नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही! दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मी पोटातून दगड पाझरवतो!"

"धन्य, धन्य!" गर्दी म्हणे.

"पण ध्यानात ठेवा. खडा बाहेर आला तरी त्याचा कोप आत धुमसत असतो. त्याला बर्फातच निजवा. ऊन दाखवाल, तर रोग आल्या वाटेने परत फिरेल!"

त्या गर्दीत मागच्या भिंतीला टेकून एक बाइंडर उभा असे. हा मनुष्य छापखान्यात पुस्तकांची बांधणी करी. गेल्या हिवाळ्यात त्याचे पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, खड्यांसकट काढण्यात आली होती. जखम भरली, परंतु पोट रुसले. दोन घास खाल्ले की ते नगाऱ्यासारखे फुगे आणि चारचौघांत गुडगुडे. एकदा शिलाईचे यंत्र अचानक बंद पडले, सर्वत्र शांतता पसरली आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या पोटाने गर्जना केली.

"यंत्र थांबलं, पण हा चालूच!" कागद कापणारा सोबती म्हणाला.

सारे खदखदून हसले. त्या हसण्यात विष नव्हते. तथापि त्या दिवसापासून बाइंडर आपला डबा घेऊन कागदाच्या गठ्ठ्यांमागे एकटाच बसू लागला. पुढे डबाही रिकामा होत गेला. पत्नी निवर्तलेली. मुलगी सासरी, दूर. ती फोनवर विचारी, "बाबा, जेवलात ना?" तो म्हणे, "पोटभर." विजार कमरेला सुतळीने बांधावी लागली, तरी ती कुणाच्या नजरेस आली नाही.

खडेबाबाच्या मात्र आली. पहिल्याच भेटीत तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फार सोसलंस रे. डॉक्टरांनी पिशवी नेली आणि खडे तुलाच ठेवले!" कित्येक महिन्यांत त्या खांद्यावर कुणाचा हात पडला नव्हता. बाइंडरचे डोळे भरून आले.

उपाय असा होता: दिवसभर कडकडीत उपास, संध्याकाळी लिंबाच्या रसात घोटलेले पेलाभर तेल, वर जुलाबाचे मीठ. दुसऱ्या सकाळी खरोखरच हिरवे खडे पडले! सभेत टाळ्या झाल्या. शेजारी उभी असलेली शिवणकाम करणारी बाई आपुलकीने म्हणाली, "दादा, तुमचे तर सगळ्यांत मोठे हो!" मग दर आठवड्याला उपास, तेल, खडे आणि टाळ्या. मधल्या दिवसांत तो भिंत धरून चाले. बाटली थर्मासमध्ये बर्फात ठेवून कामावरही नेई. घरी कोप झाला तर?

एके दिवशी तो बांधणीच्या टेबलावरच कोसळला. कागद कापणाऱ्यानेच त्याला उचलून इस्पितळात नेले. त्याची पिशवी काढणाऱ्या डॉक्टरीणबाई समोर दिसताच बाइंडरने थर्मास उघडला.

"बाई, हे तुम्ही आत विसरलात."

बाईंनी बाटली निरखली. "काका, खडे होतात पिशवीत. पिशवीच नाही, तर हे राहत होते कुठे? भाड्याने? पित्ताच्या नळीत एखादा राहतो कधीमधी. पण दर आठवड्याला मूठभर?" त्यांनी पेल्यात कढत पाणी ओतले. "टाका एक."

"कोपेल हो."

"कोपू दे. मी आहे ना."

खडा पडला, मऊ झाला, पसरला. पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग उरला.

"हे तुम्ही प्यालेलं तेल. पोटातले रस आणि क्षार मिळून त्याच्या साबणासारख्या गोळ्या होतात, पित्ताने हिरव्या होतात. खरा खडा गरम पाण्यात वितळत नाही."

"म्हणून बर्फ," बाइंडर पुटपुटला.

"म्हणूनच. पिशवी नसली की पित्त साठत नाही, थेंबथेंब आतड्यात उतरत राहतं. त्यावर एकदम पेलाभर तेल ओतलंत तर पोट फुगणार, जुलाब होणार. आणि वजन उतरलंय ते न जेवण्याने आणि उपासाने. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. तेलकट कमी. भाज्या, डाळी हळूहळू वाढवा. बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत ताळ्यावर येतं. नाही आलं, दुखलं, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर लगेच या. भांडायला आलात तरी चालेल."

बाइंडरने पेला स्वतःकडे ओढला. "खडे खोटे ठरले, बाई. मग तिथं माझी विचारपूस व्हायची, तीही खोटीच का?"

बाईंनी त्याच्यासाठी पेज मागवली आणि ती संपेपर्यंत त्या शेजारी बसल्या.

पुढच्या सभेत त्याने सर्वांसमक्ष आपली बाटली गरम पाण्यात रिकामी केली. खडे विरघळले.

"अश्रद्धेच्या पाण्यात सगळंच विरघळतं!" खडेबाबा गरजला.

"मग माझे श्रद्धेने टाकते," शिवणकामवाली म्हणाली आणि तिने टाकले. तेही विरघळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, माझी पिशवी तर अजून आतच आहे! शस्त्रक्रिया नको म्हणून मी इथं आले. म्हणजे माझे खरे खडे..."

"आतच आहेत, ताई. डॉक्टरीणबाईंकडे चला. मी येतो सोबत."

खडेबाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता. परंतु लोकांचा राग त्याच्यावर नव्हता. एक म्हातारा बाइंडरला म्हणाला, "आठवड्यातून एकदा चार माणसं भेटायची. तेही घालवलंस!" बाइंडरचेही तेच गेले होते.

सुज्ञ वाचकहो, कोणताही चमत्कार गरम पाण्यात टाकून पाहावा. जो टिकत नाही, तो सोडून द्यावा. शरीराचे गाऱ्हाणे शरीर जाणणाऱ्याकडेच न्यावे. परंतु आणखी एक विनंती आहे. तेल कुठल्याही दुकानात मिळते. भोंदू जे विकतो ते तेल नव्हेच, ती विचारपूस असते. आपल्या शेजारचा माणूस वाळत चालला असेल, तर "का रे, बरा आहेस ना?" हे आपणच आधी विचारावे. आपण नाही विचारले, तर भोंदू विचारायला टपलेलाच आहे.