जावळाची बट

मित्रांनो, माझ्यावर दोन बैठका दिसतात म्हणून मला बाकडं समजू नका. मागच्या थंडीत एक बाई तसं समजून माझ्यावर बसली आणि कांदे सोलत राहिली. मी बोलू शकत नाही, नाहीतर तिला चांगलंच सुनावलं असतं. मी ड्रॅगनचं खोगीर आहे. आता जुना झालोय, उंदरांनी एक कडा कुरतडलीय, पण हर्वाणच्या राजघराण्याचं खोगीर आहे.

बरझेन उस्तादांनी मला घडवलं. रेड्याचं कातडं सहा महिने तेलात मुरवलं आणि दुहेरी टाके घालून शिवलं. दोन बैठका अशासाठी, की राजाची मुलं दोन आणि त्यांना दिलेला ड्रॅगन एक. थोरली इस्मेन, धाकटा ताव्रिक, आणि ड्रॅगनचं नाव ओरु. पुढे कोण बसणार यावरून दोघांची रोज जुंपायची. शेवटी राजा वैतागला. म्हणाला, "जाताना ताई पुढे, येताना तू पुढे. पुन्हा तक्रार आली तर दोघंही पायी जायचं." तेव्हापासून तसंच चाललं. ते दिवस फार चांगले होते, खरंच सांगतो.

आता एक रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. ड्रॅगनच्या डोळ्यांना सगळी माणसं सारखीच दिसतात. तो माणूस ओळखतो वासाने. म्हणून या घराण्यात बाळाचं जावळ काढलं, की त्यातली एक बट रंगीत धाग्याने बांधून माझ्या गादीत भरायचे. ज्याची बट माझ्यात, त्याचा वास येईल त्या दिशेला ओरु कधी जाळ ओकायचा नाही. माणूस मेलं, की त्याची बट काढून भट्टीत टाकायची. आणि दर वसंतात सगळ्यांनी एकत्र बसून गादी उसवायची आणि आपापल्या बटेला नवा धागा बांधायचा. घामाने आणि धुराने रंग विटतात ना, म्हणून.

माझ्यात तीन बटा होत्या. इस्मेनची पुढच्या बैठकीत, केशरी धाग्याची. मागच्या बैठकीत ताव्रिकची, निळ्या धाग्याची. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने तिची बट पांढऱ्या धाग्याने बांधून स्वतःच्या बटेला अगदी खेटून ठेवली. मुलीचं नाव मिहरा. इस्मेनला स्वतःचं मूल नव्हतं. मिहरावर तिचा जीव होता. दोन वर्षांच्या त्या पोरीला पोटाशी बांधून ती ओरुवरून फिरवायची, आणि पोरगी वाऱ्याने डोळे मिटून हसायची.

मग राजा गेला आणि गादीवर कोण बसणार ते सांगून गेला नाही. ज्यांनी एक खोगीर वाटून घेतलं होतं त्यांना एक सिंहासन वाटून घेता आलं नाही. इस्मेनने राजधानी आणि ओरु ठेवून घेतला. ताव्रिक बायकापोरांसह मोझेरच्या किल्ल्यात गेला. त्याच्याकडे झाखर नावाचा दुसरा ड्रॅगन होता. तिसऱ्या वर्षी दोन्ही ड्रॅगन हवेत भिडले. ओरुने झाखरचा गळा फाडला. ते रक्त माझ्या कातड्यात मुरलंय, अजून पावसाळी हवेत त्याचा वास येतो. खाली तीन गावं जळाली. ती कुणाच्या बाजूची होती, हे त्या गावांनाही ठाऊक नव्हतं.

या चार वर्षांत वसंत चारदा आला. धागे बदलायला कुणी बसलं नाही.

मोझेर तेवढा राहिला होता. इस्मेनने तीनदा स्वारी केली आणि तिन्ही वेळा ओरु किल्ल्यावर जाऊन तोंड मिटून परत फिरला. आत ताव्रिक होता, मिहरा होती. तिसऱ्या खेपेला इस्मेन मला घेऊन थेट बरझेनच्या घरी आली.

"ताव्रिकची बट काढा," ती म्हणाली. "मिहराची राहू द्या. ती जिथे असेल तिथे ओरु जाळ टाकणार नाही. पोरीला काही होता कामा नये, उस्ताद."

बरझेनने गादी उसवली. शेजारी शेजारी दोन बटा. दोन्ही काळ्या, दोन्ही इवल्याशा, आणि दोन्हींचे धागे विटून एकाच मातकट रंगाचे झालेले.

"ओळखता येतंय ना?" इस्मेनने विचारलं.

"चाळीस वर्षं हेच करतोय, बाईसाहेब. उद्या सकाळी खोगीर तयार असेल."

ती गेल्यावर बरझेनची बायको अरुशा हात पुसत बाहेर आली. तिने बटांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्हाला ओळखता आलेलं नाही," ती म्हणाली. "मला शिकवू नका. मिठाच्या जागी साखर घातली की तुमचं असंच तोंड होतं."

"येईल ओळखता."

"जाऊन सरळ सांगा की, नाही कळत म्हणून. ताव्रिकला विचारायला माणूस पाठवा म्हणावं."

"लढाई चाललीय आणि मी शत्रूला विचारायला सांगू? मागच्या महिन्यात घोडेवाल्याने बाईसाहेबांना नाही म्हटलं, त्याचं काय झालं बघितलंस ना?"

"बघितलं. पण ती पोर सहा वर्षांची आहे हो."

बरझेन उठला. त्याने दोन्ही बटा खिडकीशी धरल्या, हुंगल्या, बोटांवर तोलल्या. मला ठाऊक होतं कुठली कुणाची. माझ्याच पोटात होत्या त्या इतकी वर्षं. पण खोगिराला तोंड नसतं. त्याने एक बट माझ्यात परत ठेवली आणि दुसरी रिवाजाप्रमाणे भट्टीत टाकली. ती मिहराची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोझेरवर गेलो. या वेळी ओरुने तोंड मिटलं नाही. डावीकडचा बुरूज एका दमात पेटला. दगड तडकल्याचे आवाज खालून मला ऐकू येत होते. इस्मेन माझ्यावर ताठ बसली होती, कारण तिची खात्री होती. मग ओरु चौकात उतरला, आणि तिथे उभ्या असलेल्या ताव्रिकसमोर त्याने मान खाली घातली आणि पंख मिटले. ताव्रिकने लहानपणीच्या सवयीने त्याच्या नाकावर हात ठेवला. तेव्हा इस्मेनला कळलं कुठली बट जळाली ते, आणि ती माझ्यावरून उडी मारून उतरली.

"मिहरा कुठाय?" तिने विचारलं.

"बुरुजात होती," ताव्रिक म्हणाला. "ओरुला बघून खिडकीत धावली. आत्या आली, आत्या आली, म्हणत होती."

लढाई तिथेच संपली. जिंकलं कोण, ते मला सांगता येणार नाही. ताव्रिकने बहिणीकडे एकच गोष्ट मागितली, पोरीची बट. पुरायला तेवढं तरी हवं म्हणाला. तीही नव्हती.

इस्मेनने बरझेनला शिक्षा केली नाही. फक्त विचारलं, "कळलं नव्हतं, तर बोलला का नाहीत?"

"तुम्हाला नाही म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणात उरली नव्हती, बाईसाहेब," तो म्हणाला.

त्यानंतर ओरुने कुणाला पाठीवर घेतलं नाही, आणि मी या कोठारात आलो. कधी कुणी येतं, टाके किती बारीक आहेत म्हणून कौतुक करतं आणि जातं. चौदा वर्षं झाली.

मित्रांनो, मला तेल लावा असं मी सांगणार नाही. कातडं आज ना उद्या सडायचंच. पण तुमच्या घरी धागे विटू देऊ नका. कितीही भांडलात तरी वर्षातून एकदा समोरासमोर बसा. आणि तुमच्यासमोर कुणी हातातलं काम घेऊन उभं असेल, तर त्याला "मला कळत नाही" असं म्हणता येऊ द्या. बरझेनला त्या दिवशी तेवढं म्हणता आलं असतं, तर मिहरा आज वीस वर्षांची असती.