पोतंभर काळी माती

दुसरी मोठी लढाई संपल्यावर रावेरच्या तोतारामनानांनी लष्कराच्या लिलावात लहानसा ट्रक घेतला. त्याचे टायर पार झिजलेले. उद्या स्टेशनात केळीसाठी मालगाडीचा डबा, म्हणजे वाघीण, लागणार होती. वावरातल्या चिखलात ट्रक रुतला, तर कापलेले घड तिथंच पिकणार.

नाना जळगावच्या रुपचंदशेठच्या टायरच्या दुकानी आले, ते वावरातली पोतंभर माती घेऊन. बैल घेताना ते आधी खूर बघत. टायरची परीक्षाही तशीच व्हायची होती. त्यांनी दारातच माती पसरून वर घागरभर पाणी ओतलं.

"हा बारीक नक्षीचा न्या नाना, कुठल्याही रस्त्याला चालतो," शेठ म्हणाले.

"माह्या वावरात रस्ताच नाही. फिरवा याच्यात."

नक्षी चिखलानं बुजली. मग मोठ्या गट्ट्यांचा टायर फिरवून आपटला. चिखल सुटला आणि शेठच्या धोतरावर बसला.

"हाच," नाना खुशीत म्हणाले. "चार बसवा."

"माती मात्र राहू द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवीन."

"मग तिच्या बदल्यात पाचवा टायर द्या."

दुसऱ्या दिवशी केळी वाघिणीत चढली. पाचवा टायर ट्रकच्या मागे ऐटीत लटकत होता.