नाथाजींच्या विहिरीचे पान

मित्रांनो, मी एक जुना विकी आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची संगणकावरची वही. जत तालुक्यातल्या एका छोट्या विहीर मंडळाने बारा वर्षांपूर्वी मला संगणकावर उभे केले. प्रत्येक विहिरीला एक पान. पाणी कधी आटते, कुठले मचूळ आहे, कुणाला भरायची मुभा आहे, हे सभासद माझ्यात लिहीत. कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे. मात्र खोडलेले मी कधी टाकून दिले नाही. पानाची सगळी जुनी रूपे मी तारखेसकट आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट जपली. टंचाईत टँकर कुठे न्यायचा, ते माझ्याकडे बघूनच ठरायचे. तेव्हा सगळे माझे गोडवे गात.

आता मी त्यांच्या डोळ्यांत खुपतो. मोबाइलवर माझी अक्षरे बारीक दिसतात म्हणे. अध्यक्ष बाळासोंनी माझ्या जागी एक रंगीत, फोटोवाले सॉफ्टवेअर पसंत केले. त्यात प्रत्येक विहिरीचे फक्त आजचे पान जाणार होते. जुने ओझे कशाला वाहायचे, असे त्यांचे म्हणणे. राग येणार नाही तर काय? बारा वर्षे मला राबवून घेतले आणि माझ्यात काय आहे, हे एकानेही उघडून पाहिले नाही!

त्याच आठवड्यात नाथाजींच्या विहिरीच्या पानावरची एक ओळ नाहीशी झाली होती. नऊ वर्षांपूर्वी नाथाजींनी भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलून शब्द दिला होता, की उन्हाळ्यात शेजारच्या धनगरवस्तीने घरटी रोज चार घागरी भराव्यात. भंडारा उचलल्यावर कागद मागणे म्हणजे त्या माणसाचा अपमान. म्हणून वस्तीने कागद केलाच नाही. गावच्या शिक्षिका रूपालीताईंनी तेवढे माझ्यात लिहून ठेवले. पुढे नाथाजी वारले, आणि त्यांच्या मुलाने, ऋषिराजने, ती ओळ काढून टाकली.

मंडळाच्या बैठकीत वस्तीवरची बनुबाई येऊन उभी राहिली. ऋषिराजने तिला रिकाम्या घागरी घेऊन परत पाठवले होते आणि वर विचारले होते, की हे लिहिलेय कुठे? रूपालीताईंनी माझे जुने रूप उघडले आणि मोठ्याने वाचले. ओळ कोणी काढली, तेही वाचले.

बनुबाई ऋषिराजला म्हणाली, "आमी नवं काय मागत न्हाई. तुज्या बानं दिल्यालं तेवढं पुसू नगंस."

बाळासोंनी ते रंगीत सॉफ्टवेअर बाजूला ठेवले. जुनी रूपे सोबत नेणारे एक साधे सॉफ्टवेअर आता ठरले आहे. येत्या रविवारी मी बंद होईन. त्याचे दुःख नाही, पण ओळ पुसली गेली, हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवे होते.

मित्रांनो, नवे जरूर आणा. फक्त जुने टाकण्यापूर्वी ते एकदा वाचा. त्यात कुणाचे तरी पाणी असते.

आज सकाळी ऋषिराजने ती ओळ स्वतःच्या नावाने पुन्हा लिहिली. मी त्याचे कौतुक करणार नाही. पण तारीख टाकून ती जपून ठेवली आहे.