दुसरं पान

सर्वपित्रीला रावजींनी अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर दोन पानं ठेवली. एक आपल्या वडिलांचं, दुसरं संदेशचं. मथुराबाई पडवीत बसून त्या दुसऱ्या पानाकडे अशा बघत होत्या, जशी सवतच येऊन बसलीय तिथं.

संदेश त्यांचा एकुलता. जपानात मच्छीमार बोटीवर कामाला गेला आणि वादळात पाण्यात पडला. देह काही मिळाला नाही. "मिळाला नाय म्हणजे मेला नाय," ही मथुराबाईंची काळ्या दगडावरची रेघ. आणि कावळेही मेले त्यांच्याच बाजूचे! आजोबांच्या पानावरचा वडा तेवढा लांबवायचे, संदेशच्या पानाला चोच लावायचे नाहीत. गेल्या वर्षी नाही, आज सकाळपासूनही नाही.

"त्याचा जीव तुझ्यात अडकलाय गो," रावजी म्हणाले.

"गप बसा. माझा पोरगा जिता हाय, म्हणून शिवत नाय."

तेवढ्यात देवरूखचा अजिंक्य आला, तिकडे जपानात संदेशच्याच खोलीत राहायचा तो. सुट्टीवर येताना त्यानं पिशवी भरून आणली होती. "काकी, संदेशला आवडायचं ते सगळं हाय."

मथुराबाईंचा चेहराच फुलला. शेवटच्या फोनवर पोरगा म्हणाला होता, 'आये, आलो की तुला हितलं जेवण करून घालतो.' त्यांनी पदर खोचला.

अजिंक्यनं तिकडचा चिकट भात शिजवला, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सूप केलं. मथुराबाईंनी एक घोट घेतला. "अगो बाय! हे तर आपलं सारच, कोकम विसरलेलं!" तांदळाची दारू बोटावर घेऊन चाटली आणि तोंड वाकडं केलं. "भिजल्या तांदळाचा वास येतो. ह्याच्यापरीस ताडी बरी."

घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं.

मग त्यांनी आणखी एक वाडगा भरला. "हा संदेशचा." अजिंक्यनं रावजींकडे पाहिलं, रावजींनी मान खाली घातली. भातावर सुक्या माशाचे काप घालायचे होते, रंध्यातून निघाल्यासारखे पातळ. घातले मात्र, ते वाफेवर हलू लागले. वळत होते, उठत होते, परत बसत होते. मथुराबाई एक पाऊल मागे सरल्या.

"वाफेनं हलतात, काकी."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नव्हता.

संदेश लहानपणापासून गडग्यावर बसून जेवायचा. वाडगा त्यांनी तिथंच नेऊन ठेवला. तिकडं जेवायला वापरतात त्या दोन काड्या घरंगळायला लागल्या, म्हणून दोन्ही भातात उभ्या रोवल्या.

"काकी, काढा त्या!" अजिंक्य ओरडलाच.

"का रे मेल्या?"

"तिकडं... मेलेल्या माणसाच्या भातात रोवतात अशा."

मथुराबाईंनी झटक्यात हात पुढे केला. पण त्याआधीच एक कावळा गडग्यावर उतरला. दुसरं पान त्यानं ओलांडलं. हलत्या कापांकडे मान तिरकी करून बघितलं, आणि दोन काड्यांच्या मधोमध चोच घातली.

रावजींनी हात जोडले. मथुराबाईंचा हात हवेतच राहिला. त्यांना वाटलं होतं, हा दिवस आला तर आपण किंचाळू. किंचाळी आलीच नाही. त्या तिथंच चिऱ्यावर बसल्या.

"माझ्याच हातनं वाढलेलं हवं होतं रे ह्याला," त्या म्हणाल्या. "आणि मी इतके दिस उपाशी ठेवला पोराला."

कावळ्यानं दुसरा घास उचलला.

"खा बाबा," त्या म्हणाल्या. "सावकाश खा."