हाकलायची कॉफी

"शेवटचं प्रकरण तेवढं गाळू या, फाहिराबाई. सह्या करू, मोकळे होऊ," हॉलंडहून आलेला वाउटर म्हणाला.

फाहिराच्या घराखाली नेरेत्वा नदीवर धुकं उतरलं होतं. तिथल्या विद्यापीठात इतिहास शिकवण्यात तिचा जन्म गेला. आता तीन देशांच्या विद्यापीठांनी मिळून एकच अभ्यासक्रम करायचा होता. सगळं जमलं, अडलं ते युद्धाच्या वर्षांपाशी. ती वर्षं गाळली तर कुणाचीच हरकत नव्हती. म्हणजे इतिहास कसा हवा? ज्यात कुणी मेलंच नाही असा!

धुक्यातून एनिस येताना दिसला. तिचा धाकटा भाऊ, तिच्याच विभागात शिकणारा. हातात सायकल, नेहमीसारखा घाईत. त्या युद्धात, परीक्षेच्या तोंडावर, सैनिकांनी त्याला दारातून ओढून नेलं होतं. हाडंसुद्धा हाती लागली नाहीत. एनिसने मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि तो विरघळला.

"मेलेल्यांच्या नावांनी जखमा उघडतात," वाउटर सांगत होता.

"मिटल्या कधी होत्या?"

बेलग्रेडहून आलेला नेनाद कळवळून म्हणाला, "ताई, ती नावं शिकवली तर आमचे लोक मला फाडून खातील."

"तुला खातील म्हणून घाबरतोस. माझ्या भावाला खाल्लं ना रे!"

ती उठली आणि कॉफी करून आणली. आल्यावर एक झाली होती, गप्पांची दुसरीही झाली होती. ही तिसरी.

वाउटरने घोट घेतला. "वा! अजून मिळेल?"

नेनादला अशातही हसू फुटलं. "अरे बाबा, आमच्याकडे तिसरी कॉफी म्हणजे उठा आता. बाईंनी हाकललंय आपल्याला."

वाउटर कानापर्यंत लाल झाला. कागद गोळा करत त्याने विचारलं, "सही?"

"नाही."

"मग तुमचं विद्यापीठ यातून बाहेर."

"असू दे. खोटं शिकवायला मला परदेशाची मदत लागत नाही."

वाउटरची गाडी गेली. नेनाद मात्र जागचा हलला नाही.

"तुला कळलं होतं ना कॉफीचं? मग उठत का नाहीस?"

"कळलं. सही तर मला करावी लागेल, ताई. पोरंबाळं आहेत. पण आधी एनिसचं सांग."

फाहिरा वर्गात उभी राहते तशी उभी राहिली. "एनिसला पोहता येत नव्हतं," तिने सुरुवात केली.

नेनादने सवयीने पेन काढलं. थोडं थांबून ते परत खिशात ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून तो ऐकू लागला.